एकाच खिळ्यातली तीन अक्षरं

आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या जुळाऱ्याला सगळी इमारत खिळेदादा म्हणायची. छापखान्यात अक्षराच्या शिशाच्या तुकड्याला खिळा म्हणतात आणि एकेक खिळा वेचून ओळ उभी करणारा तो जुळारी, हे नव्याने राहायला आलेल्यांना ठाऊक नसे. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याने तर एकदा मोडकी खुर्ची जिने चढवून त्यांच्या दारात आणून ठेवली. दादांनी माझ्याकडून हातोडी मागून नेली आणि खुर्ची निमूटपणे दुरुस्त करून दिली.

"अहो, आपण सुतार नाही असं सांगायचं ना त्यांना," त्यांची बायको म्हणाली. तिला मी वहिनी म्हणते.

"कसं सांगू? एवढे जिने चढून आले होते. खुर्चीआधी त्यांचीच डागडुजी करायची वेळ आली होती."

असा माणूस. सडपातळ, खांद्यात वाकलेला, बोटांची टोकं कितीही धुतली तरी करडी. शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजी अक्षरं त्यांना सगळी ओळखता यायची, तीही उलटी, आरशातल्यासारखी, कारण खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. इंग्रजी मजकूर ते नुसता बघून जुळवायचे. एखादी बाई नमुना समोर ठेवून टाका टाका विणत जाते, तसं. अर्थाशी त्यांचं काही देणंघेणं नसे.

अर्थाची ओढ लागली ती एका खिळ्यामुळे.

इंग्रजीतल्या एफचं डोकं पुढे झुकलेलं असतं. दोन एफ शेजारी आले आणि त्यांच्यापुढे टिंबवाला आय आला, की शिशाच्या नाजूक कडा एकमेकींवर आपटून मोडायच्या. म्हणून खिळे ओतणाऱ्यांनी ही तिन्ही अक्षरं मिळून एकच खिळा केलेला असतो. त्याला पेटीत वेगळा लहानसा खण. दादा त्याला 'तिळं' म्हणत. जुळं असतं तसं तिळं. "बाकीचे शब्द हाताखालून येतात नि जातात," ते मला म्हणाले होते. "पण तिळ्याच्या खणात हात घालायचा तर थांबावं लागतं. थांबलं की शब्दाकडे बघणं होतं. आणि बघितलं की वाटतं, हा कोण बाबा?"

मग संध्याकाळी कामावरून आल्यावर ते आमच्या दारात उभे राहायचे. मी कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकलेली, एवढीच माझी पात्रता.

"ताई, सफिशियंट म्हणजे काय हो?"

"पुरेसं."

"पुरेसं." ते जिभेवर घोळवून बघायचे. "आणि डिफिकल्ट?"

"कठीण."

"ते त्याच्या तोंडावरूनच दिसतंय."

ऑफिस त्यांना आधीपासून माहीत होतं, ते मालकाच्या दारावरच लिहिलेलं होतं. कोर्टाच्या कागदांतून ॲफिडेव्हिट आलं. शपथेवर लिहून दिलेलं, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे खोटं बोलायची सोय नाही." शवपेट्या करणाऱ्याच्या जाहिरातीतून कॉफिन आलं. त्या दिवशी म्हणाले, "हे तिळं मेलं कुठंकुठं शिरतं!" डिफिडंट म्हणजे बुजरा, हे त्यांना फार आवडलं. रफियन म्हणजे गुंड, दांडगट, हे त्याहून आवडलं. आणि एकदा जेवणाचे डबे पोचवणाऱ्याचं काम छापायला आलं, तेव्हा तर जिन्यातूनच ओरडत आले, "ताई, अहो टिफिनमध्येसुद्धा आहे! आपला टिफिन!" परक्या गावात अवचित भाचा भेटावा तसा आनंद.

मग स्वतःच शोधायला लागले. ट्रॅफिक बरोबर निघालं, म्हणून धीर चेपला आणि दुसऱ्या दिवशी टेरिफिक घेऊन आले. आमचे हे पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "त्यात एफ एकच आहे दादा. सोयरा निघाला, सख्खा नाही."

"एवढं भारदस्त नाव आणि एकच एफ?" दादा खरोखर हिरमुसले. "जाऊ द्या भावोजी. आपल्या घराण्यात काय माणसांची कमी आहे?"

त्यांच्या घरात मूल एकच. ठकी. आमच्या मुलीच्याच वयाची, तेव्हा चार पुरी होऊन पाचवं लागलेलं. दाराबाहेर कुणाचं पाऊल वाजलं की ही आधी हजर. कोण तुम्ही, कुणाकडे आलात, पिशवीत काय आहे, मला द्याल का. आमच्या मुलीची खेळणी तिच्या परवानगीने खेळली जायची. दादा म्हणायचे, "डिफिडंट आमची भाची," म्हणजे माझी मुलगी, "आणि ही बघा, रफियन." ठकीला ते नाव इतकं पसंत होतं की पाहुण्यांना ती तेच सांगायची.

तिला इंग्रजी शाळेत घालायचं हे दादांनी तिच्या जन्मापासून ठरवलं होतं. शाळा चांगली होती, फी झेपण्यासारखी होती, पण प्रवेशाआधी बाई मुलांना जवळ बसवून चित्रं दाखवत, अक्षरं विचारत, बोलतं करत. "बोलण्याची मला काळजी नाही," दादा म्हणायचे, "त्या बाईच थकतील. अक्षरांचं मी बघतो. मी दारोदार अर्थ विचारत फिरलो, तिला फिरायला नको."

अक्षरांसाठी त्यांनी जी युक्ती काढली ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती. झिजलेले खिळे वितळवून टाकतात. मालकांना विचारून दादांनी त्यांतले मूठभर घरी आणले आणि बिस्किटांच्या डब्यात घालून ठकीला दिले. ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर खिळा दाबायचा. खिळ्यावरचं उलटं अक्षर मातीत सुलट उमटतं. ठकीला ही जादू वाटायची. दोघी मुली तासन्‌तास गॅलरीत बसून मातीवर शिक्के मारायच्या. माझी मुलगी हात चिखलाने भरले की उठून यायची, तिला तो बरबटपणा सोसत नसे. ठकी उठायची नाही. खिळ्याच्या खाचेत माती अडकली की तो तोंडात घालून चोखायची, साफ करायची आणि पुन्हा दाबायची.

वहिनींनी एकदा टोकलं. "शी! बाहेर काढ ते."

"असू दे गं," दादा म्हणाले. "आम्ही काय करतो? हात दोनच असतात. लागणारा खिळा ओठांत धरायचा आणि पुढचा वेचायचा. सगळे जुळारी धरतात."

ते खरंच होतं. एकदा दादा डबा विसरले आणि वहिनींबरोबर मीही छापखान्यात गेले, तेव्हा मी ते पाहिलं. लांबट खोली, उंचावर एकच खिडकी. उतरत्या पेट्यांपुढे माणसं ओळीने उभी. ओठांमधून खिळ्यांची टोकं बाहेर आलेली, शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात तशी. मागच्या बाजूला शिसं वितळवायची भट्टी, आणि तिच्या जवळच एक बाकडं. त्यावर बसून सगळे डबे खात. हात शाईच्याच फडक्याला पुसून.

सगळ्यात जुना जुळारी म्हणजे मास्तर. त्यांच्या उजव्या हाताचं मनगट लुळं पडलं होतं. पंजा खाली लोंबायचा. डाव्या हाताने तो पंजा उचलून ते पेटीवर ठेवत आणि मग बोटं चालवत. तरी वेग इतरांसारखाच. मला बघून ते हसले, तेव्हा हिरड्यांवर दातांच्या मुळाशी बारीक निळसर काळी रेघ दिसली. माझं लक्ष तिकडे गेलेलं त्यांना कळलं.

"बघा ताई, बघा. तुमची कॉलेजची डिग्री भिंतीवर, आमची तोंडात." त्यांनी ओठ वर करून दाखवला. "ही रेघ उमटली की जुळारी पिकला. तोवर हिरवा."

"आमच्या ह्यांना आली का?" वहिनींनी हौसेने विचारलं.

"केव्हाच! त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. पहिल्या रेघेला चहा, हा आमच्याकडचा रिवाज. अरे, दाखव की वहिनींना. घरी दाखवत नाहीस काय?"

सगळे हसले. दादांनी लाजत ओठ उचलला. नव्या नवरदेवासारखे लाल झाले होते.

ठकीच्या तक्रारी सुरू झाल्या त्या हळूहळू, म्हणून नेमक्या कधी ते वहिनींनाही सांगता येत नाही. आधी पोट दुखायचं. मग जेवण नको झालं. तोंड फिकट पडलं. दुपारी खेळता खेळता तिथेच पेंगायची आणि उठली की किरकिर. गल्लीतल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. त्याने काही झालं नाही, तेव्हा रक्त वाढायचं औषध दिलं. "लाडावलीये," कुणी म्हणालं. "दुसरं भावंड द्या, सुधारेल," आणखी कुणी म्हणालं. वहिनी सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि रात्रंदिवस तिच्या पोटावर हात फिरवत बसायच्या.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. तिचे शब्द अडखळायला लागले होते. "ते दे ना, ते, ते," असं म्हणून ती हात नाचवायची, आणि न मिळाल्यावर रागाने माझ्या मुलीला चावायची. आईला दुसऱ्याच्या मुलातला फरक लवकर दिसतो आणि तो बोलून दाखवायची चोरी असते. तरी मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अशक्तपणा आहे. बोलायलासुद्धा ताकद लागते हो." दोघींनाही ते पटवून घ्यायचं होतं.

अशात एका संध्याकाळी दादा ठकीला कडेवर घेऊन आमच्याकडे आले. चेहरा फुललेला.

"भावोजी, ताई, इकडे या. हिचं तोंड बघा." त्यांनी अंगठ्याने तिचा ओठ वर केला. दुधाच्या दातांच्या मुळाशी, हिरडीवर, पेन्सिलीने ओढावी तशी पुसट निळी रेघ होती. "आली! शाळेत जायच्या आधी पिकली पोरगी! जुळाऱ्याची लेक आहे, सांगायला नको. उद्या मास्तरांना सांगतो, चहा पाजा म्हणावं."

वहिनी मागून आल्या. "मुलीची जात. दात काळे झालेले काय मिरवताय? मीठ लावून घासते." आणि त्यांनी खरंच घासले. रेघ गेली नाही. दादा हसत राहिले. ठकी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती. ती हसली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, माझ्या चुलीवर दूध होतं, आणि समोरून वहिनींची किंकाळी आली. मी धावले. ठकी उंबऱ्यात आडवी होती, हातपाय ताठ, डोळे वर गेलेले, तोंडातून फेस. आमचे हे अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी आणायला पळाले. दादा नुकतेच कामावर गेले होते, ते परस्पर दवाखान्यात आले.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान होती, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिने ठकीला तपासलं, सुई लावली, झटके थांबवले. मग कसलीशी शंका येऊन तिनेही तिचा ओठ वर केला आणि बराच वेळ तशीच बघत राहिली.

"घरी रंगाचं काम चालतं का? जुन्या बॅटऱ्या? शिसं वितळवतं का कुणी?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या.

दादा मात्र पुढे झाले. कामाबद्दल कुणी विचारलं की ते नेहमीच पुढे व्हायचे. "मी जुळारी आहे, डॉक्टरबाई. शिसं छापखान्यात असतं. घरी काही नाही. घरी नुसते खेळायला दिलेले खिळे आहेत."

"कुणाला खेळायला?"

दादांनी खाटेवरच्या ठकीकडे बघितलं.

डॉक्टरने आवाज चढवला नाही. ती चढवती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं, शिसं पोटात जातं, रक्तात उतरतं, लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतं. हिरडीवरची रेघ म्हणजे शरीर भरल्याची खूण.

"पण डॉक्टरबाई, मी मिसरूड फुटल्यापासून तोंडात धरतोय. आम्ही सगळेच. कुणाला काही झालं नाही."

"हात पुढे करा." दादांनी केला. "पंजा वर उचला. आणखी. उचलत नाही ना? पोट दुखतं?"

"ते सगळ्यांचंच दुखतं," दादा म्हणाले. आणि मग त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू गेलं असावं, कारण ते भिंतीला टेकले आणि खाली बसले.

"पोरगी वाचेल का?" वहिनींनी विचारलं.

"बहुतेक वाचेल. रक्तातून शिसं काढायची इंजेक्शनं सुरू करते. पण जे आधीच बिघडलंय त्यातलं किती परत येईल ते मला आज सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं बसलो. मग वहिनी दादांकडे न बघता म्हणाल्या, "रेघ बघून तुम्ही हसलात."

एवढंच. त्यांनी ते पुन्हा कधी उच्चारलं नाही. गरजही नव्हती.

पुढचे दिवस मी माझ्या मुलीच्या मागे सावलीसारखी होते. तिचंही रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट येईपर्यंत मी तिला उठता बसता विचारत होते, मांजरीचं पिल्लू कसं ओरडतं, आज वार कोणता, तुझ्या मावशीचं नाव काय. एकदा ती कंटाळून गप्प बसली तर मी तिला खांदे धरून हलवलं. "आई, तुला माहितीये की सगळं, मग मला का विचारतेस?" असं ती चिडून म्हणाली, तेव्हा मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. तिच्या रक्तात शिसं होतं, पण थोडं. निघून जाईल म्हणाले. चिखलाचा कंटाळा असलेल्या पोरीला मी किती रागावत असे, आणि त्याच कंटाळ्याने तिला तारलं. यात न्याय कुठला, मला अजून कळलेला नाही.

ठकी दवाखान्यात असताना वहिनींनी आणि मी त्यांची खोली ओल्या फडक्याने पुसून काढली. भिंती, फळ्या, पलंगाचे पाय. दादांचे कामाचे कपडे, ठकीची गोधडी, गॅलरीतली माती, सगळं बाहेर गेलं. बिस्किटांचा डबा दादा स्वतः छापखान्यात घेऊन गेले आणि भट्टीत ओतून आले. तिथे त्यांनी सगळ्यांना सांगून बघितलं. खिळे तोंडात धरू नका, भट्टीपाशी जेवू नका, घरी जाण्याआधी हात धुवा.

"मग आम्ही काय मेलो?" मास्तर तडकले. "पोरीला फिट येते ती दैवाने. तिचं खापर आमच्या धंद्यावर फोडू नकोस."

"मास्तर, तुमचं मनगट बघा."

"मनगट काय बघायचंय? राबलंय ते. घरी बसून लुळं पडलेलं नाही."

मालकांनी आत बोलावून वेगळ्या भाषेत तेच सांगितलं. दवाखान्यातले लोक काहीबाही बोलतात, आपण गावभर बोलू नये, कामं जातात. दादांनी त्याच दिवशी छापखाना सोडला. सोडा असं वहिनी म्हणाल्या नव्हत्या, ते स्वतःच म्हणाले, "त्या पेटीला हात लावला की मला तिचा ओठ दिसतो."

पण दुसरं काही येत नव्हतं. लाकडाच्या वखारीत लागले. पंजात जोर नसल्याने फळी सुटून कुणाच्या तरी पायावर पडली, तेव्हा त्यांना फाटकापाशी उभं केलं. आलेल्या गाडीला दार उघडायचं, गेलेल्या गाडीमागे लावायचं. एकदा मी सहज, त्यांचा जीव रमावा म्हणून, पेपरातला एक शब्द दाखवायला गेले. ॲफिनिटी. जवळीक, नात्याची ओढ. त्यांनी हात जोडले. "ताई, ते राहू द्या आता."

ठकी घरी आली ती बारीक केस कापलेली, पाय जरा फाकवून चालणारी. कुणाचं पाऊल वाजलं तरी ती दारात येत नसे. हाक मारली की उशिरा वळे. बोलत होती, पण शब्द तिच्याजवळ टिकत नव्हते. आज पाणी म्हणायची, उद्या पेल्याकडे बोट दाखवून थांबायची, आणि मग तोंड उघडं ठेवून आपल्याकडे बघायची, जणू तो शब्द आपणच लपवून ठेवलाय.

तरी दादांनी तिला शाळेत नेलं. तिथे इंग्रजी बोलावं लागेल म्हणून मला बरोबर घेतलं. वहिनी आल्या नाहीत. शाळेतल्या बाई भल्या होत्या. त्यांनी मांजराचं चित्र पुढे केलं. ठकी हसली आणि चित्रावरून हात फिरवला. बाईंनी फुगा दाखवला, घर दाखवलं. मग आपल्याच भाषेत विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" ठकीने वळून दादांकडे बघितलं. दादांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"पुढच्या वर्षी आणा हं," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर दादांनी मला विचारलं, "नाही असं नाही ना म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या नाहीत."

"मग ठीक." घरापर्यंत ते तिच्याशी एकसारखं बोलत राहिले. हे झाड, हा दिवा, ही गाडी. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. त्या वेळी मला बोलावलं नाही, आणि परत आल्यावर काही सांगितलंही नाही.

त्यानंतर इंग्रजी सुटलं, अक्षरंही सुटली. दादांनी ठकीसाठी फक्त तीन गोष्टी ठेवल्या. तिचं नाव, आईबापांचं नाव आणि गल्लीचं नाव. "माझ्या मागे हिला कुणी विचारलं, कोण गं तू, तर सांगता यायला हवं. त्यापलीकडे मला काही नको." वखारीतून आले की हात कोपरापर्यंत घासून धुवायचे आणि तिला पुढ्यात घेऊन बसायचे. समोरून आम्हाला रोज ऐकू यायचं. नाव सांग. आईचं सांग. राहतेस कुठे? संध्याकाळी तिन्ही जमायची, सकाळी एखादंच उरायचं. दादा कधी चिडले नाहीत. ओळ विस्कटली तर ती पहिल्यापासून जुळवायची, हे त्यांच्या अंगातच होतं.

ठकी आठ वर्षांची झाली त्या सुमाराला त्यांना वाटलं, आता परीक्षा घ्यावी. गल्लीच्या तोंडाशी कुलपं आणि किल्ल्या दुरुस्त करणारा बसतो. नवाच आलेला, ठकीला न ओळखणारा. दादांनी त्याला आधी सांगून ठेवलं, की मी हिला इथे सोडून कोपऱ्याआड उभा राहतो, तू जरा वेळाने विचार. वहिनींना आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही दोघी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो.

काय झालं ते दादांनी नंतर सांगितलं. किल्लीवाल्याने विचारलं, "बाळ, कोण तू?" तिने नाव सांगितलं. बरोबर सांगितलं. "आई कोण?" तेही सांगितलं. "राहतेस कुठे?" इथे अडली. तोंड उघडं, हात हवेत. दादा कोपऱ्याआडून बघत होते. त्यांनी ठरवलं होतं, मध्ये पडायचं नाही. ठकीने जरा वेळ वाट बघितली, आणि मग पुढे होऊन त्या माणसाचं बोट धरलं आणि त्याला चालवत निघाली.

आम्हाला वरून जे दिसलं ते असं. ठकी एका अनोळखी माणसाचं बोट धरून गल्लीतून येत होती. न चुकता वळली, आमच्या इमारतीशी थांबली, जिना चढली. त्यांच्या मागून दादा, डोळ्यांतून पाणी वाहत असलेले.

"बघितलंस?" ते जिन्यातूनच ओरडले. अशी हाक आम्ही कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. "शब्द गेला तर गेला! वाट आहे तिच्याजवळ! घेऊन आली बघ घरापर्यंत!"

किल्लीवाला संकोचून हसत होता. ठकीने त्याचं बोट अजून सोडलं नव्हतं. मीही हसले असेन. मग माझी नजर वहिनींकडे गेली. त्यांच्या हातातला ओला कपडा तसाच होता, आणि पाणी पायावर ठिबकत होतं.

"हा माणूस कोण?" त्यांनी विचारलं.

"अगं, कोपऱ्यावरचा किल्लीवाला. मीच सांगितलं होतं त्याला."

"तिला माहीत होतं का, तुम्ही सांगितलंय ते?"

दादांनी किल्लीवाल्याकडे बघितलं.

"तिने कुणाचंही बोट धरलं," वहिनी म्हणाल्या. "हा घरी आला. दुसरा तिला घेऊन गेला असता, तर तशीच गेली असती. हसत."

किल्लीवाल्याने हळूच बोट सोडवून घेतलं आणि तो खाली उतरला. ठकी त्याच्यामागे दोन पायऱ्या गेली. वहिनींनी तिला मागे ओढलं.

दादा दारातच बसले. त्यांनी ठकीला पुढ्यात घेतलं, तिचा हात आपल्या जोर नसलेल्या पंजात धरला आणि म्हणाले, "ठके, ऐक हं. बोट कुणाचं धरायचं? आईचं. आणखी? माझं. आणखी?"

ठकीने माझ्याकडे बघितलं. मग जिन्याकडे बघितलं, जिथून तो माणूस गेला होता, आणि तिकडे बोट दाखवलं.

"नाही," दादा म्हणाले. "पुन्हा सांगतो. आईचं."